भाडेकरू यायचा आहे

कबनूर गाव आहे की शहर, याचा निकाल अजून लागायचा आहे. 2011च्या जनगणनेनं त्याला शहरांच्या यादीत बसवलं, कारभार मात्र ग्रामपंचायतीकडंच राहिला. शेजारच्या इचलकरंजीची 2022 साली महापालिका झाली. मधली हद्द नेमकी कुठनं जाते ते फक्त घरफाळ्याच्या पावतीला ठाऊक. मागांची खटखट दोन्हीकडं सारखीच. यंत्रमागाला कामगार लागतो, कामगाराला खोली लागते, म्हणून इथं पडकं घरसुद्धा इस्टेट समजलं जातं. आणि म्हणूनच इथल्या बऱ्याच गल्ल्यांत एक अण्णा सापडतो. वय साठीच्या पुढं, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल, कानावर सुताराची पेन्सिल आणि तोंडी एकच वाक्य : "एवढं घर नीट झालं की मग बघायचंच न्हाई."

आमच्या गल्लीतले अण्णा म्हणजे या जातीचा अव्वल नमुना. पूर्वी ते मागवाले होते. 1904 साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी त्याला पाठबळ दिलं, आणि मग ते वेड आसपासच्या गावांत पसरत गेलं. अण्णांच्या वडलांनी रानाचा एक तुकडा विकून चार माग घेतले, अण्णांनी त्यांचे आठ केले. खर्चीवाल्याचा धंदा. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांवर, ठरायची, तीही व्यापारीच ठरवणार. स्वतःचं म्हणावं असं फक्त विजेचं बिल. मजुरीवाढीच्या मोर्चात अण्णा कायम पुढच्या रांगेत. शेवटी एका दिवाळीला त्यांनी हिशेब मांडला आणि त्यांच्या लक्षात आलं की माग चालवण्यापेक्षा ते बंद ठेवण्यात तोटा कमी आहे. मग आठही माग भंगारवाल्यानं किलोवर नेले. वजन होताना अण्णांचा एक पाय काट्यावर होता, असं भंगारवाला आजही सांगतो. अण्णा ते नाकारत नाहीत. म्हणतात, "चाळीस वर्सं मी उभा ऱ्हाऊन माग चालवला. त्यात माझंबी वजन हाय की."

माग गेले, घर उरलं. पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या दीड हात जाड भिंती, पुढं सोपा, मग माजघर, मागं परडं. आढ्याला वाळवी, न्हाणीत घूस. हे घर इतकं पडायला कारण गरिबी नव्हे, वाटणी. तीन भाऊ, दोन बहिणी. एकानं कौल बदललं असतं तर ते पाचजणांच्या मालकीचं झालं असतं, म्हणून वीस वर्षं कुणी कौलच बदललं नाही. पावसाळ्यात माजघरात धार लागायची, तेव्हा अण्णा आधी मनातल्या मनात नकाशा आठवायचे. धार पुण्याच्या भावाच्या हिश्श्यात पडत असेल तर आपलं पातेलं कशाला अडकवा? पुढं दोघे भाऊ एका लग्नाला आले, घर बघून गेले आणि हक्कसोडपत्रावर सह्या करायला परत आले. बहिणी एकेका इरकलीवर तयार झाल्या. इरकली घ्यायला अण्णा स्वतः गेले होते. दोघींना एकच रंग मिळाला, कारण जोडीला पन्नास रुपये सूट होती.

त्या दिवसापासून अण्णा भाडेकरूच्या तयारीला लागले.

त्यांच्या दुरुस्तीचा नियम एकच : विकत घ्यायची वेळ आली म्हणजे डोकं चालवायचं राहून गेलं. कुणाचंही घर पाडायला काढलं की जेसीबीच्या आधी अण्णा हजर. वाकडे खिळे गोळा करून आणायचे आणि दुपारी सोप्यात बसून पाट्यावर ठोकून सरळ करायचे. हातोडा कधी खिळ्यावर बसायचा, कधी बोटावर. बोटाला चिंधी बांधायची, चिंधी गल्लीतल्या कारखान्यातली, फुकट. भंगारवाल्याला माग देताना त्यांनी लाकूडफाटा मागं ठेवला होता, तो आता घरभर उगवला. दाराला कडी म्हणून धोटा. कपडे अडकवायला भिंतीत ठोकलेल्या कांड्या. न्हाणीच्या आडोशाला बीमचा पाइप. खिडक्यांना ग्रे कापडाचे पडदे, जे धुतले की आखडायचे आणि दर महिन्याला खिडकी थोडी जास्त दिसू लागायची. ओळंब्याला दोरा लागला तर अण्णा उठून शेजारच्या शेडमध्ये जात आणि हातभर सूत घेऊन येत. या गावात सुताला पैसे द्यायचे म्हणजे पंचगंगेकाठी पाणी विकत घेणं, असं त्यांचं म्हणणं. (पंचगंगेचं पाणी हल्ली ज्या रंगाचं असतं ते बघता विकतचं परवडलं, पण ते असो.)

छप्पर अर्धं खापरी कौलांचं, अर्धं मंगळुरी. मंगळुरी कौलं म्हणजे मूळची बासल मिशनच्या पाद्र्यांची किमया. त्यांनी 1865 साली मंगळुरात कारखाना काढला, पुढं तिथं कौलांच्या कारखान्यांची रांगच लागली आणि प्रत्येकानं आपला शिक्का कौलावर उठवला. अण्णांनी वेगवेगळ्या पाडलेल्या घरांतून जमवलेल्या कौलांवर वेगवेगळे शिक्के आहेत. दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत, मधे बोटभर फट राहते. अण्णा शिडीवर चढून ती फट सुतळी आणि डांबरानं बुजवायचे आणि खालून त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, विचारायच्या, "आवं, एका घरची कौलं का घेत न्हाई?" "एका घरची घिऊन काय लगीन लावायचंय व्हय?"

भिंतींच्या बाबतीत मात्र त्यांच्या काटकसरीनं आधी दगा दिला आणि मग लाज राखली. गल्लीत कुणाचा तरी बंगला उरकला होता, सिमेंटची काही पोती उरली होती, निम्मी घट्ट झालेली. अण्णांनी ती पडत्या भावात उचलली आणि सोप्याच्या भिंतीला मस्त गिलावा करून घेतला. भिंत अशी गुळगुळीत झाली की लोक हात फिरवून बघायचे. आषाढात एका रात्री मोठा आवाज झाला. गल्ली जागी झाली ती आवाजानं की वहिनींच्या ओरडण्यानं, यावर दोन मतं आहेत. गिलाव्याची अख्खी ढलपी भिंत सोडून जमिनीवर आली होती. मातीची भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हात सोडते; सिमेंटनं तिचं तोंड बांधलं की ओल आतच कोंडते. शिवाय मातीला सिमेंट धरून राहत नाही ते नाहीच. हे सगळं गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गवंड्यानं अण्णांना सकाळी समजावून सांगितलं. उपाय विचारला तर म्हणाला, पांढरी माती, भुस्कट, शेण कालवून कुजू द्या, त्याचा लेप द्या, वरनं भिजवलेल्या चुन्याचा हात मारा.

"खर्च?"

"खर्च कसला? माती तुमच्याच परड्यात हाय."

अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "मग बरोबरच असणार त्ये," ते म्हणाले. केरळात आयुष्यभर स्वस्त आणि सुंदर घरं बांधणारे लॉरी बेकर सांगायचे की गांधीजींनी त्यांना म्हटलं होतं, घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. अण्णांनी बेकर ऐकलेला नाही, आणि पाच मैल ही त्यांना उधळपट्टी वाटली असती. त्यांची मर्यादा सायकलच्या कॅरिअरवर मावेल तेवढी. पण आज त्या भिंती उन्हाळ्यात थंड असतात, पावसाळ्यात ढलप्या टाकत नाहीत, आणि शेजारच्या बंगल्याच्या मालकाला दुपारी अण्णांच्या सोप्यात येऊन झोपावं लागतं. त्याचे पैसे घ्यावेत का, यावर अण्णांचा विचार चालू आहे.

म्हाताऱ्या गवंड्याचं आणि त्यांचं एकदाच वाजलं, चहावरून. गवंड्याला दहाला आणि चारला चहा द्यायचा हा सर्वमान्य रिवाज. अण्णांचा चहा असा की कपाचं बूड दिसायचं. तिसऱ्या दिवशी गवंड्यानं तो कप चुन्याच्या पिंपात ओतला आणि म्हणाला, "पाणी कमी पडलं हुतं."

खरी मजा त्यांच्या वहीत. अण्णा रोजकीर्द लिहितात, जुन्या पद्धतीनं, जमा डावीकडं, नावे उजवीकडं. नावे बाजू बहुतेक कोरी. जमा बाजूला मात्र दाट अक्षर : 'न घेतलेला चहा, 10 रुपये. थोरात चौकापर्यंत चालत, रिक्षा वाचली, 20 रुपये. केस कापायचे लांबवले, 60 रुपये. मिसळ खायची इच्छा झाली, मारली, 70 रुपये.' इच्छा जेवढी मोठी तेवढी जमा मोठी, हे एकदा कळल्यावर अण्णांच्या इच्छा वाढल्या. एका पानावर मी 'महाबळेश्वर, दोघे, न गेलो, 8,000' अशी नोंद बघितली. त्या महिन्यात त्यांनी मागांवर कधी कमावले नव्हते एवढे पैसे वाचवले. मग एका संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडं आले. चेहरा पडलेला. "बेरीज धा येळा केली," म्हणाले, "बरोबर हाय. मग पैसं कुठं हाईत?"

या सगळ्यात अण्णा आणि वहिनी राहायचे कुठं, हा प्रश्न लोक उगाच विचारत. घरात तीन खोल्या. जी पडकी असेल तिच्यात. सोपा दुरुस्तीला घेतला तेव्हा ते माजघरात होते. सोपा झाला तेव्हा वहिनींनी गाठोडं उचललं, तर अण्णा दारात आडवे. "थांब. ती खोली झाली न्हवं? आता ती भाडेकरूची." मग माजघर काढलं, आणि दोघं मागच्या खोलीत. मागची खोली झाली तेव्हा परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं पूर्वी माग होते. घर जसजसं चांगलं होत गेलं तसतसे मालक त्याच्या बाहेर सरकत गेले. शेडमध्ये चाळीस वॉटचा एकच बल्ब, तोही वहिनींनी भाकरी थापताना लावायचा आणि तव्यावर टाकली की घालवायचा. जाळाच्या उजेडात भाकरी दिसते, असा अण्णांचा अनुभव. रोज आमटी-भाकरी आणि खर्डा. शनिवारी बाजार उठता उठता आणलेली भाजी, जी निवडायला वेळ लागत नसे, कारण निवडण्यासारखं फार उरतच नसे.

आणि भाडेकरूसाठी? हाच माणूस सोप्यासाठी कोरा पंखा घेऊन आला. खोक्यातला, तीन पात्यांचा, पावतीसकट. खिडक्यांना डासांची जाळी. न्हाणीत शहाबादी फरशी, पितळी नळ, आणि गरम पाण्याचा गिझरसुद्धा. वहिनींनी आयुष्यभर चुलीवर पाणी तापवलं. त्या गिझरकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एकडाव लावून बघू का?"

"त्याला वापरलेला दिला म्हणंल त्यो."

"कोण?"

"भाडेकरू."

न आलेल्या माणसाचा एवढा मान मी कुठं पाहिला नाही. जावई म्हटलं तरी त्याची आठवण सणावारालाच येते. भाडेकरूची अण्णांना चोवीस तास. त्याला उंबरा उंच वाटेल म्हणून उंबरा तासला. त्याची बायको ठेंगणी असली तर, म्हणून फळी खाली घेतली. मग ती उंच असली तर, म्हणून दुसरी फळी वर ठोकली. वहिनी पाच फूट आहेत. त्या शेडमध्ये डबा काढायला अजून पाट घेतात.

कायदाही अण्णांनी तोंडपाठ केला. कोल्हापुरात त्यांच्या चुलत्याच्या वाड्यात 1947च्या जुन्या भाडेकायद्याच्या आधारानं भाडेकरूची तिसरी पिढी पंधरा रुपयांत नांदली होती, त्याचा धसका घरात सगळ्यांना. नवा कायदा 1999चा, 31 मार्च 2000पासून लागू. त्यात करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, जबाबदारी मालकाची. चुकलं तर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. अण्णांनी बराच विचार केला. "तीन म्हैने आत जेवण फुकटच असतंय न्हवं?" अकरा महिन्यांची चाल पडली ती एवढ्यासाठी की वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नसे, महाराष्ट्रात ती पळवाट बुजली तरी अकराचा आकडा लोकांच्या अंगवळणी राहिला. नोंदणीची फी शहरात हजार, ग्रामीण भागात पाचशे, हे कळलं त्या दिवशी कबनूर गाव आहे की शहर यावर अण्णांचं मत कायमचं पक्कं झालं.

दारावर पाटी लागली : 'खोली भाड्याने देणे आहे.' दुसऱ्या दिवशी खाली भर पडली, 'फक्त कुटुंबासाठी.' मग 'नोकरदार.' मग 'मूल एकच.' मग 'रांगणारे नको (भिंतीला हात लागतात).' पाटी पुरेना म्हणून खाली दुसरी फळी जोडली. पहिला आला तो बँकेतला साहेब, अण्णांच्या स्वप्नातला हुबेहूब. खोली बघितली, पंखा बघितला, खूश झाला, आणि विचारलं, "गाडी कुठं लावायची?" अण्णांनी सायकल बाजूला घेऊन दाखवली. साहेब म्हणाला, चारचाकी. गल्लीत चारचाकी शिरते, पण मागं फिरत नाही. नव्या लग्नाचं एक जोडपं आलं, ते फार हसतात म्हणून नको झालं. हसणारी माणसं वीज जास्त जाळतात, असं अण्णांचं निरीक्षण.

मग आला तो त्यांच्याच मागावर पूर्वी काम केलेला बिहारकडचा कामगार. इथं बारा बारा तासांच्या दोन पाळ्या. तो म्हणाला, "शेठ, हम बारा लोग हैं. लेकिन खोली में छह से जादा कभी नहीं रहेंगे. छह दिन में सोएँगे, छह रात में." भाडंही तो बँकवाल्याच्या दीडपट द्यायला तयार. अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली. सहाजणांची आंघोळ सकाळी, सहाजणांची संध्याकाळी. गिझर दोनदा. आणि मग त्यांना मुख्य गोष्ट सुचली.

"म्हंजे पंखा बंद कवा हुणार?"

"काहे को बंद होगा, शेठ?"

तिथंच सौदा फिसकटला. पंख्याला विश्रांती पाहिजे यावर अण्णा ठाम. तो कामगार जाताना धोट्याची कडी ओढून म्हणाला, "ये तो अपने सात नंबर का है." अण्णा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी रोजकीर्द लिहिली नाही.

असे दोन पावसाळे गेले. सोपा दर आठवड्याला झाडला जाई, पंखा फडक्यानं पुसला जाई, पात्यांना हात न लावता. शेडमध्ये वहिनींच्या गुडघ्यांत ओल शिरली. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, इकडं या. अण्णा म्हणाले, भाडेकरू आला की येतो.

गेल्या आषाढातली गोष्ट. मी अण्णांकडं शिडी मागायला गेलो होतो, तेवढ्यात वहिनी शेडमधनं बाहेर आल्या. डोक्यावरनं पदर, हातात पाकीट. सोप्याच्या पायरीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "खोली भाड्यानं द्यायची हाय न्हवं?"

"कुणाला पायजे?"

"मला. एकटीच हाय. कुटुंबवाली हाय. मूल एक हाय, त्ये पुण्यात असतंय. रांगत न्हाई."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी शिडीकडं बघितलं.

"पैसं कुणी दिलं?"

"भिशीचं हाईत. भाडेकरूला असं विचारत्यात व्हय?"

अण्णांमधला नवरा गप्प बसला आणि मालक जागा झाला. त्यांनी वहिनींना पायरीवरून आत नेलं, पंखा दाखवला, जाळी दाखवली, वरची फळी आणि खालची फळी दाखवली. वहिनींनी भिंतीवर टिचकी मारली, नळ सोडून बघितला, गिझर लावला, पाणी हाताला भाजेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, कडी नीट बसत नाही. अण्णांनी लगेच खिशातनं खिळा काढून कडी ठोकली. भाडं दोन हजार ठरलं. मालकानं संध्याकाळी सोप्यात यायचं असेल तर आधी विचारायचं, आणि चहा मालकाच्या घरचा, पण दुधाचा, ही अट वहिनींनी घातली. अनामत अण्णांनी सहा हजार सांगितली.

"सहाची पावती करा, तिकीट लावून," वहिनी म्हणाल्या.

"कसलं तिकीट?"

"पाच हजाराच्या वरची पावती हाय. एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतंय. भिशीत आमी लावतो."

अण्णांनी पेन्सिल कानावरून काढली, पाकिटाकडं बघितलं, मग वहिनींकडं. "एक रुपया कशाला घालवायचा?" ते म्हणाले. "पाचच दे."